कोळसा-विज्ञानात पहिली

आमच्या हिकरी फोर्कमध्ये केस सोनेरी करून घ्यायचे तर बाटलीचं पाणी लागतं. ताज्या रंग उडवलेल्या केसांवर नळाचं पाणी पडलं की केस गाजरासारखे होतात. डोंगरातल्या जुन्या खाणींतून जे पाणी ओढ्यात उतरतं त्यात लोखंड असतं. ओढ्यातले दगडसुद्धा केशरी झालेत, आणि तेच पाणी आमच्या नळाला येतं. म्हणून माझ्या पार्लरमध्ये बेसिनखाली दुकानातून आणलेल्या पाण्याचे कॅन असतात. सोनेरी केसांच्या बायका डोकं मागे टेकतात, डोळे मिटतात आणि कॅनमधलं पाणी मुकाट्यानं डोक्यावर घेतात. इतक्या वर्षांत एकीनं विचारलं नाही, की का गं वर्लीन, नळ असताना ही उठाठेव कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांचे नवरे, भाऊ, नाहीतर मुलगे हर्शल स्टॅम्परच्या खाणीत आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यावर लोक म्हणतात, ‘आम्हाला कुठे माहीत होतं?’ ह्या वाक्याची मला शिसारी आहे.

लॅनी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण ओहायोत वृद्धाश्रमात कामाला असते, पोर लहानपणापासून माझ्याकडे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकते. कशी टाकते ते मी सांगणार नाही, मावशीचं कोण ऐकतं? एवढंच सांगते, की एका मोठ्या कॉलेजच्या कोच, हॉलोवेबाई, आमच्या ह्या वळणावळणाच्या रस्त्यानं उलट्या करत दोनदा तिला बघायला आल्या. दुसऱ्या खेपेला माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, “जागा तुझी. शिक्षणाचा सगळा खर्च आमचा. फक्त तुझी पात्रता पक्की होऊ दे.”

कॉलेजच्या संघात खेळायचं तर नुसता हात चांगला असून भागत नाही. हायस्कूलमध्ये ठरलेले विषय झालेले लागतात, आणि त्यातले दहा शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत. त्यात एकही कमी पडला तर पहिलं वर्ष संघाबरोबर नुसता सराव करायचा, सामन्यात पाऊल टाकायचं नाही. कुठला विषय धरायचा आणि कुठला नाही, ते पात्रता तपासणारं एक कार्यालय ठरवतं. नियम म्हणून मला त्यात काही वावगं दिसत नाही. कोणीतरी बघायला हवंच की पोराला वाचता येतं का.

लॅनीला वाचता येत होतं. तिचे गुण बघून मला उगाच छाती फुगवून चालायची सवय लागली होती. आणि जुलैमध्ये कार्यालयाचं उत्तर आलं, की विषय नऊच भरतात. दहावा, ‘कोळसा-विज्ञान’, हा विषय आम्हाला माहीत नाही.

आता हे कोळसा-विज्ञान म्हणजे काय? आधी त्याचं नाव पृथ्वी-विज्ञान होतं, आणि ते कार्यालयाला मान्य होतं. मग हर्शल स्टॅम्परनं फुटबॉलच्या मैदानाला दिव्यांचा धावफलक दिला, इतका मोठा की शुक्रवारी रात्री पलीकडच्या डोंगरावरून गुण वाचता येतात. एवढ्या उपकाराची परतफेड काय करावी म्हणून शाळेनं विषयाचं नाव बदललं. फीत कापली, केक कापला, फोटो काढले. कार्यालयाला कळवायचं तेवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

नुसतं नावाचंच असतं तर एका पत्रानं भागलं असतं. पण नाव बदलल्यावर कार्यालय विचारतं, की बाबांनो, आता शिकवता काय? आणि शिकवत काहीच नव्हते. वर्ग फुटबॉलचा कोच डोनी कॉम्ब्स घ्यायचा. आमच्या शाळेत नापास झालेल्याला सामन्याला उतरता येत नाही, म्हणून झाडून सगळे खेळाडू ह्या वर्गात कोंबायचे आणि सगळ्यांना ‘ए’ द्यायचा. रसायनशास्त्राच्या बाई सोडून गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती, त्यामुळे लॅनीला दुसरा वर्गही नव्हता. ती घरी येऊन सांगायची, “मावशी, आज विज्ञानात आपण शुक्रवारी कुठल्या बाजूनं धावणार ते शिकलो.” मी हसायचे. ‘ए’ तर मिळतोय, म्हणायचे.

मुख्याध्यापक रॉडी ब्लँटन माझ्या वर्गातला. शाळेत असताना माझ्या वहीतून उतरवायचा. त्यानं आम्हाला बोलावलं तेव्हा कॉम्ब्स खिडकीशी टोपी फिरवत उभा होता.

“बस ना, वर्लीन. कॉफी?”

“घरून पिऊन आलेय. पोरीच्या विषयाचं बोल.”

“काही कठीण नाही गं. त्यांना वर्षभराच्या कामाचे नमुने हवेत. प्रश्न, उत्तरं, एखाद-दुसरा प्रयोग.”

“मग पाठव की.”

रॉडीनं कॉम्ब्सकडे बघितलं, कॉम्ब्सनं टोपीत बघितलं. “नमुने तसे उरलेले नाहीत,” कॉम्ब्स म्हणाला.

“नव्हतेच, सर,” लॅनी म्हणाली.

“म्हणूनच तुला बोलावलं ना, बाळा.” रॉडीचा आवाज असा मऊ झाला की माझ्या अंगावर काटा आला. “तू हुशार आहेस. बसून लिहून काढ. गेल्या वर्षीच्या तारखा टाक. आणि लिहितेच आहेस तर आपल्या फुटबॉलच्या पाच मुलांचेही लिही. त्यांचाही हाच विषय अडलाय.”

“कोल्टनच्या कागदात थोड्या चुका घाल हं,” कॉम्ब्स म्हणाला. “त्याचं सगळं बरोबर आलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही.”

तो हे अगदी मनापासून सांगत होता, काळजीनं. म्हणूनच जास्त किळस आली.

“रॉडी,” मी म्हटलं, “तुम्ही शिकवलं नाहीत, आणि शिकवल्याचा पुरावा पोरीनं तयार करायचा?”

“आवाज चढवू नकोस. ह्यात तिचंच भलं आहे.”

“सापडली तर?”

“कोण सांगणार आहे?”

मी उठले होते. लॅनी उठली नाही. “लिहिते,” म्हणाली.

गाडीत मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, नाही लिहिलं तर काय, सांग. इथे काय आहे माझ्यासाठी? स्टॅम्परचं ऑफिस, नाहीतर तुझं बेसिन.” मला लागलं ते. पण खोटं नव्हतं.

सोमवारी माझं पार्लर बंद असतं. त्या ऑगस्टमध्ये दर सोमवारी ती केस वाळवायच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, वाचनालयातून आणलेलं जुनं पुस्तक मांडीवर. आधी नुसतं उतरवायची. मग एके दिवशी मला म्हणाली, “मावशी, कोळसा म्हणजे दलदलीतली झाडं होती, ठाऊक होतं तुला? आपण दलदल जाळतो.” पुढच्या सोमवारी ओढ्यातलं पाणी लोणच्याच्या बरणीत भरून आणलं, माझ्या नळाचं दुसऱ्या बरणीत, कॅनमधलं तिसऱ्या. पाळीव मासे विकणाऱ्याच्या दुकानातून पाणी तपासायच्या पट्ट्या आणल्या. बेसिनवर बरण्या मांडून ती पट्ट्यांचे रंग बघत बसली, जेवायलासुद्धा उठेना. आंबटपणा किती, लोखंड किती, सगळं पुन्हा पुन्हा करून बघितलं. तिचं सॉफ्टबॉल सोडून कशात असं चित्त लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

“गंमत बघ,” ती म्हणाली. “वर्षभर विज्ञानाला बसले तेव्हा काही कळलं नाही. खोटं लिहायला बसले आणि शिकले.”

पाच मुलांचे कागद तिनं चुकांसकट लिहिले. कोल्टनच्या कागदात ‘दलदल’ तीन प्रकारे लिहिली. पाण्याचं पान मात्र तिनं स्वतःच्या नावाचं ठेवलं. ओढा आंबट आहे, लोखंड मर्यादेच्या कितीतरी वर आहे, आणि नळाचं पाणीही त्याच वाटेवर आहे, असं साध्या वाक्यांत लिहिलं होतं.

रॉडीनं गठ्ठा चाळला. तारीफ इतकी केली की पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मग ते पान वेगळं काढलं.

“हे एवढं जरा सौम्य कर.”

“सौम्य म्हणजे?”

“लिही की पाणी योग्य मर्यादेत आढळलं. अगं, विषयाला नाव कोणाच्या कोळशाचं आहे?”

“सर,” लॅनी म्हणाली, “ह्या अख्ख्या गठ्ठ्यात खरं पान एवढं एकच आहे.”

रॉडी हसला. “बरं, राहू दे. हट्टी आहेस, मावशीवर गेलीस.” आम्हाला वाटलं, विषय संपला. तो किती सहज सोडून देतोय ह्याचा मला संशय यायला हवा होता.

सप्टेंबरात कार्यालयानं विषय मान्य केला. दहा भरले. हॉलोवेबाईंचा फोन आला, लॅनी घरभर नाचली, आणि मी डुकराचं हाड टाकून बीन्स शिजवले, मक्याचा ब्रेड भाजला, शेजाऱ्यांना बोलावलं. त्या दिवशी मला कशाचीच घाण वाटली नाही. लोकांचं असंच होत असावं, पोट भरलं की नाक बंद होतं.

नोव्हेंबरमध्ये स्टॅम्परला आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला नवी खाण काढायची होती. त्याची जाहीर सुनावणी शाळेच्याच जिममध्ये ठेवली. अर्धं गाव आलं होतं. मी मागून बघत होते, आणि पुढच्या रांगांत माझ्याच हातची डोकी चमकत होती. पहिल्या रांगेत पॉलेट ब्लँटन, रॉडीची बायको, तिचा सोनेरी रंग तर मी आदल्याच दिवशी केला होता. स्टॅम्परचा वकील उठला. पाण्याबद्दल नसत्या अफवा आहेत, म्हणाला, तर बाहेरच्या कोणाचं कशाला ऐकायचं? आपल्याच शाळेतल्या, आपल्याच कोळसा-विज्ञानाच्या वर्गातल्या मुलीनं ओढा तपासलाय. आणि त्यानं कागद वाचला. आकडे मर्यादेत. पाणी स्वच्छ. खाली नाव, लॅनी रिची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी मागे वळून तिच्याकडे बघून वाजवल्या.

रॉडीनं पान बदललं होतं. बदललेलंच कार्यालयाला गेलं होतं, आणि वर स्टॅम्परलाही भेट दिलं होतं.

लॅनीचा हात माझ्या हातात होता. ती उठायला लागली.

“बस,” मी कुजबुजले. “जागा जाईल तुझी.”

“माहीत आहे.”

ती पुढे गेली. तिची मान खाली होती, पण बोलली. “ते पान माझं नाही. मी पाणी तपासलं, पण वर्गात नाही, मावशीच्या बेसिनवर, ऑगस्टमध्ये. ओढा आंबट आहे. लोखंड जास्त आहे. मी तसं लिहिलं होतं. बाकीचे कागद मीच लिहिलेत, पाच मुलांचेपण, आणि त्या वर्गात आम्हाला कोणी काही शिकवलं नाही.”

अध्यक्ष म्हणून कोणी जिल्ह्याचा माणूस होता, त्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, “पाणी खराब आहे असं आणखी कोणाला म्हणायचंय?”

“मला,” मी उभी राहिले. “माझ्याकडे येणाऱ्या बायकांना विचारा. ह्या रांगेतल्या एकीचेही केस मी नळाच्या पाण्यानं धुत नाही. पॉलेट, सांग ना. जोआन, तू सांग.”

पॉलेट पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. जोआननं नवऱ्याकडे बघितलं.

“केसांची सुनावणी नाही ही, वर्लीन,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक मोकळेपणानं हसले.

खाणीला परवानगी मिळाली. कार्यालयानं विषय रद्द केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी तेच करायला हवं होतं. शाळेनं चौकशी केली, म्हणजे रॉडीनं स्वतःचीच केली, आणि ‘कागदपत्रांची अदलाबदल’ असा निष्कर्ष निघाला. कॉम्ब्सनं तो मोसम जिंकला, त्याला कोण विचारणार? कोल्टनची आई पार्लरच्या दारात उभी राहून मला म्हणाली, “तुमच्या पोरीच्या एका ओळीपायी माझ्या मुलाचं वाटोळं झालं.” मी म्हटलं, “तुझ्या मुलाच्या सगळ्या ओळी माझ्याच पोरीनं लिहिल्या होत्या.” ती थुंकली आणि गेली.

हॉलोवेबाईंचा फोन लॅनीनं माझ्यासमोर, आवाज मोठा करून घेतला.

“तू जे केलंस त्याचा मला अभिमान आहे,” त्या म्हणाल्या. “अशा सचोटीच्या मुली आमच्या संघाला हव्यात.”

“थँक्यू, कोच.”

“पण मैदानात उतरता येईल अशा हव्यात गं. मला पुढच्या मोसमात चेंडू टाकणारी लागणार आहे. वर्षभर बसवून ठेवणं मला परवडत नाही. समजून घे.”

“समजलं, कोच.”

तिनं फोन ठेवला, बाहेर गेली आणि गॅरेजच्या भिंतीवर चेंडू फेकत राहिली. मी किती वेळ तो धपधप आवाज ऐकत होते कोण जाणे. तासाभराच्या अंतरावर दोन वर्षांचं एक छोटं कॉलेज आहे, तिथे खेळू देतात. तिकडे नाव घातलं तिनं. जागा घेतली, पण घेताना एकदाही हसली नाही.

पार्लर महिना-दीड महिना ओस पडलं होतं. मग एकेक करून सगळ्या परत आल्या. केसांची मुळं काळी दिसायला लागली की राग फार दिवस टिकत नाही, आणि दुसरं पार्लर डोंगरापलीकडे आहे. कोणी त्या सुनावणीचं नाव काढलं नाही. मीही कॅनमधलं पाणी ओतत राहिले.

मेमध्ये शाळेचा निरोप समारंभ आला. त्या सकाळी पॉलेट आली. मुख्याध्यापकाची बायको म्हणून पारितोषिकं तिच्या हातून द्यायची असतात.

“छान उजळ कर गं,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “आणि लॅनीला सांग, तिच्यासाठी एक गंमत आहे. स्टॅम्परसाहेबांनी पदक ठेवलंय. कोळसा-विज्ञानात पहिली आलीय ती.”

“विषय रद्द झालाय, पॉलेट.”

“तो कॉलेजपुरता. शाळेत ‘ए’ आहेच की. झालं गेलं विसरून जायला नको का?”

मी तिच्या केसांचा रंग उडवला. पिसांसारखे पांढुरके झाले. मग तिचं डोकं बेसिनवर टेकवलं आणि कॅनला हात न लावता नळ सोडला.

आवाजानंच तिनं डोळे उघडले. “वर्लीन, कॅन संपले का?”

“भरलेले आहेत.”

“मग?”

“म्हटलं, कशाला उगाच? कागदावर तर पाणी स्वच्छ आहे. तुझ्याच नवऱ्यानं लिहिलंय.”

ती माझ्याकडे उलट्या चेहऱ्यानं बघत राहिली. पाणी बेसिनमध्ये वाहत होतं, तिच्या केसांपासून वीतभर अंतरावर.

“एवढं म्हण की पाणी खराब आहे,” मी म्हटलं. “इथे आपण दोघीच आहोत. म्हण, लगेच कॅन उघडते.”

तिचे ओठ हलले. मी वाट बघितली. खरंच बघितली, देवाशप्पथ. एवढं एक वाक्य तिनं म्हटलं असतं तर मी तिचे पायसुद्धा कॅनमधल्या पाण्यानं धुतले असते. तिनं डोळे मिटून घेतले आणि मान आणखी थोडी मागे टेकली.

मी नळाखाली तिचे केस धुतले. नीट धुतले, सावकाश, दोनदा.

वाळवल्यावर तिनं आरशात बघितलं. ओढ्यातल्या दगडांचा रंग आला होता. तिनं पर्स उघडली, पैसे दिले, नेहमीची बक्षिसी दिली. “छान झालंय,” म्हणाली.

दुपारी जिम भरली होती. रॉडीनं नाव पुकारलं, कोळसा-विज्ञानात पहिली, लॅनी रिची. ती जाणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती गेली. मंचाच्या दिव्याखाली पॉलेटचं डोकं पेटल्यासारखं केशरी दिसत होतं. तिनं लॅनीच्या गळ्यात पदक घातलं, हात मिळवला, फोटोसाठी हसली. रॉडी तिच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. अख्ख्या गावानं ते डोकं बघितलं, आणि अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या.

समारंभ संपल्यावर लॅनी गाडीत येऊन बसली. पदक काढून तिनं पायाशी टाकलं.

“तू केलंस ना ते?”

“तिनं करून घेतलं.”

पार्किंगमधून लोक घरी निघाले होते, एकमेकांना हात करत होते.

“त्या केसांना एक जण जरी हसलं असतं ना, मावशी,” ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली.